पंजा नव्हे, कडी

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांच्या 'द मंकीज पॉ' (१९०२) या कथेतील भयनिर्मितीवर उत्तर लिहायला सांगितले, की विद्यार्थी एक ठरलेली यादी लिहितात: पावसाळी रात्र, एकाकी घर, हिंदुस्थानातल्या फकिराने मंतरलेला माकडाचा पंजा, दारावरची थाप. हे झाले भयानक रसाचे विभाव. शेवटी 'नियतीशी खेळू नये' हे तात्पर्य जोडले, की उत्तर पूर्ण. यात दोष विद्यार्थ्यांचा नाही. ही यादी आपण अध्यापकच फळ्यावर लिहून देत आलो आहोत. मीही ती अनेक वर्षे दिली आहे. आज मला ती साफ चुकीची वाटते. कारण यादीतले सगळे काही शेकडो सुमार कथांतही असते आणि त्या कथा वाचून कोणाची झोप उडत नाही.

मग ही कथा का भिववते?

पहिली गोष्ट, तिच्यातला हिशेब. व्हाइट कुटुंबात पंजाकडे मागण्यासारखे काहीच सुचत नाही. तेव्हा मुलगा हर्बर्टच थट्टेने रक्कम सुचवतो: घराचे कर्ज फेडण्यापुरते दोनशे पौंड. दुसऱ्या दिवशी कारखान्यातला माणूस येतो. हर्बर्ट यंत्रात सापडून गेला आहे. कंपनी जबाबदारी नाकारते. मात्र त्याच्या सेवेची दखल म्हणून काही रक्कम देऊ करते. ती दोनशे पौंडच असते. ब्रिटनमध्ये १८९७ साली झालेल्या कामगार भरपाई कायद्यात मृताच्या अवलंबितांसाठी तीन वर्षांचे वेतन किंवा दीडशे पौंड यांपैकी मोठी रक्कम, पण कमाल तीनशे पौंड, अशी तरतूद होती. म्हणजे दोनशे हा आकडा त्या काळच्या वाचकाला जादूचा नव्हे, कार्यालयीन कागदावरचा वाटावा असाच होता. सारे योगायोगाने घडले, असे म्हणण्याची वाट लेखक शेवटपर्यंत मोकळी ठेवतो. भूत खोटे ठरवून वाचकाला सुटका करून घेता येते. भरपाईची रक्कम खोटी ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आठवडाभराने आई हट्ट धरते, की मुलगा परत यावा असे माग. बाप मागतो. मुलाला त्याने केवळ कपड्यांवरून ओळखलेले असते. आईने ते प्रेत पाहिलेले नाही. रात्री थाप पडते. आई दाराकडे धावते, खालची कडी काढते, पण वरच्या कडीला तिचा हात पुरत नाही. ती नवऱ्याला हाक मारते, मग खुर्ची ओढते. बाप मात्र अंधारात गुडघ्यांवर बसून पंजा चाचपडत असतो. येथे वाचकाचे काय होते, हे आपण वर्गात कधी विचारतो का? आईचा हात कडीला पोहोचावा असेही आपल्याला वाटते आणि पोहोचू नये असेही. जो मुलगा वात्सल्याचे आलंबन, तोच त्या क्षणी भयाचे आलंबन होतो. रसचर्चेला येथे खरे काम आहे. आपण मात्र पाऊस आणि अंधार हे उद्दीपन विभाव मोजून थांबतो.

'पण दाराबाहेर काय होते, हे लेखक दाखवत नाही. ही तर न सांगण्याची किमया,' असा युक्तिवाद कोणी करील. तो अर्धाच खरा आहे. केवळ न सांगितल्याने भय निर्माण होत नाही. तसे असते तर प्रत्येक अपुरी कथा भयकथा ठरली असती. जेकब्ज बाहेरचे काही दाखवत नाहीत, पण यंत्रात सापडलेला देह आणि कपड्यांवरून पटलेली ओळख हे आधीच आपल्या हाती देऊन ठेवतात. चित्र आपण रंगवतो. बापाची तिसरी इच्छाही शब्दांत येत नाही. ती आपणच उच्चारतो. दार उघडते तेव्हा रस्ता निर्मनुष्य असतो. आपल्याला हायसे वाटते आणि त्याच क्षणी आईचा आक्रोश ऐकू येतो. एका आईचे मूल दुसऱ्यांदा गेले आणि आपण सुटकेचा श्वास सोडला. कथा मिटल्यावरही भय उरते ते याचे.

जेकब्ज यांची ख्याती मुख्यतः विनोदी कथाकार म्हणून होती, हेही लक्षात घ्यावे. घरगुती थट्टा, मोजके संवाद आणि नेमक्या वेळी येणारी वस्तू ही त्यांची विनोदातली हत्यारेच येथे कामी आली आहेत. भयकथा म्हणजे दुय्यम, रंजनपर लेखन असे म्हणत नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या कथांनाही आपण 'प्रभावी वातावरणनिर्मिती' एवढ्या शेऱ्यावर वाटेला लावतो. तो शेरा त्या कथांविषयी फारसे सांगत नाही. आपल्या वाचनाविषयी बरेच सांगतो.

पुढच्या सत्रात मी फळ्यावर यादी लिहिणार नाही. एकच प्रश्न विचारीन: वरची कडी निघावी असे तुम्हाला वाटले होते का? उत्तर देताना वर्ग थोडा वेळ गप्प झाला, तर कथा शिकवून झाली असे मी समजेन.