विश्लेषण : शेतातल्या मोबाइल स्टार्टरचे कुलूप पक्के आहे का?

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ असो की शेजारचा जुन्नर तालुका, शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली की अंधारात विहिरीवर जावे लागते आणि वाटेत उसात बिबट्या असण्याची धास्ती असते. त्यामुळे घरातूनच मोटार चालू-बंद करणारा मोबाइल स्टार्टर ही इथे गरजेची वस्तू आहे. पूर्वीचे स्टार्टर फोन किंवा एसएमएसवर चालत. आता अ‍ॅपवरून, इंटरनेटद्वारे चालणारी यंत्रे येत आहेत. सोय वाढली, पण अ‍ॅपमधून निघालेला आदेश वाटेत कुणी वाचला किंवा बदलला तर?

आदेश मोटारीपर्यंत कसा पोहोचतो?

अ‍ॅपवर बटण दाबले की आदेश आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो. शेतातल्या पेटीतील छोट्या चिपने त्या सर्व्हरशी एक वाट उघडून ठेवलेली असते. संगणकाच्या भाषेत तिला ‘सॉकेट जोडणी’ म्हणतात. अशा यंत्रांसाठी ‘एमक्यूटीटी’ ही निरोपांची पद्धत बरीच वापरली जाते. तिचा साधा दरवाजा १८८३ क्रमांकाचा, तर सुरक्षित दरवाजा ८८८३ क्रमांकाचा. साध्या दरवाजाने पाठवलेला निरोप उघड्या पोस्टकार्डासारखा असतो. यंत्राचे नाव, पासवर्ड आणि आदेश हे सारे त्या वाटेवर बसलेल्याला वाचता येते.

यात नुकसान काय?

विहिरीत पाणी नसताना मोटार चालत राहिली तर ती जळू शकते. ऐन पाळीत ती बंद पडली तर भिजवण राहते. दुरुस्तीसाठी कुणी मोटारीपाशी असताना ती दुरून चालू झाली, तर प्रश्न जिवाचा होतो. त्यामुळे दुरुस्तीआधी मेन स्विच बंद करणे हा नियम कोणत्याही तंत्रज्ञानाने सुटत नाही.

‘टीएलएस’ काय करते?

बँकेच्या संकेतस्थळावर दिसणारे कुलूप म्हणजेच टीएलएस. ते तीन कामे करते : मजकूर इतरांना वाचता येऊ देत नाही, वाटेत झालेला बदल पकडते आणि समोरचा सर्व्हर खरा आहे की तोतया, हे प्रमाणपत्रावरून तपासते. त्याची १.३ ही आवृत्ती २०१८ मध्ये आली.

छोट्या चिपला ते झेपते का?

झेपते, पण मेहनत घ्यावी लागते. स्वस्त यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या ‘ईएसपी८२६६’ चिपमध्ये प्रोग्रामच्या कामासाठी जेमतेम ८० केबीच्या आसपास मेमरी मिळते. टीएलएसचा एकेक तुकडा १६ केबीपर्यंतचा असू शकतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मजकुरासाठी वेगळी जागा लागते. मात्र तुकडे लहान ठेवता येतात, छोट्या किल्ल्यांची ‘इलिप्टिक कर्व्ह’ पद्धत वापरता येते आणि ‘एम्बेड टीएलएस’, ‘बेअरएसएसएल’ यांसारखे तयार प्रोग्राम मोफत मिळतात. नंतरच्या ‘ईएसपी३२’मध्ये ५२० केबी मेमरी आहे. ‘चिप लहान आहे’ ही सबब आता चालण्यासारखी नाही.

दुसरी अडचण घड्याळाची. प्रमाणपत्राला मुदत असते, पण वीज गेल्यावर अशा अनेक चिपचे घड्याळ १९७० सालापासून पुन्हा सुरू होते. मग खरे प्रमाणपत्रही चुकीचे वाटते. यावर इंटरनेटवरून वेळ घेणे किंवा बॅटरीवरचे घड्याळ बसवणे हा उपाय आहे.

तिसरी अडचण वयाची. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ची प्रमाणपत्रे ज्यावर विसंबून होती, त्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातील अनेक जुन्या यंत्रांच्या जोडण्या तुटल्या. दहा वर्षे टिकेल म्हणून घेतलेल्या पेटीला दुरून अपडेट देण्याची सोय हवी ती यासाठीच.

खरी पळवाट कोणती?

या अडचणींना कंटाळून प्रमाणपत्राची तपासणीच बंद केली जाते. ईएसपी८२६६च्या प्रोग्राममध्ये त्यासाठी ‘सेटइनसिक्युअर’ ही एक ओळ पुरते. जोडणी होते, मजकूर कुलूपबंदही राहतो. पण किल्ली कुणाच्या हाती दिली हे पाहिलेलेच नसते. मध्ये बसलेला तोतया ‘मीच सर्व्हर’ म्हणाला की चिप त्याच्यावर विश्वास ठेवते. अ‍ॅपमध्ये काहीच वेगळे दिसत नसल्याने ग्राहकाला हे कळण्याचा मार्ग नाही. ‘आमचे यंत्र एन्क्रिप्टेड आहे’ ही जाहिरात म्हणूनच अर्धीच माहिती देते.

टीएलएस असले की पुरे का?

नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ने इंटरनेटवरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले, कधीच न बदललेले पासवर्ड वापरून. त्याच यंत्रांकरवी ऑक्टोबरमध्ये झालेल्या हल्ल्यात अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली. प्रत्येक पेटीचा पासवर्ड आणि किल्ली वेगळी असणे तितकेच गरजेचे.

जबाबदारी कुणाची?

शेतकऱ्याने पेटी उघडून प्रोग्राम तपासावा, ही अपेक्षा गैर आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून अशा घरगुती उपकरणांत सर्रास एकच पासवर्ड देण्यास बंदी आहे. युरोपीय संघाच्या सायबर कायद्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७पासून लागू होणार आहेत. भारतानेही २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षा तपासणी सक्तीची करण्याचे पाऊल उचलले. कॅमेऱ्याला लावलेली कसोटी मोटारीच्या पेटीलाही लावायला हवी.

सुरुवात सरकारी पैशातून होऊ शकते. ‘पीएम-कुसुम’सारख्या योजनांतील सौर पंपांवर दुरून देखरेख ठेवण्याची यंत्रणा असते. अशा निविदांत आणि अनुदानाच्या अटींत प्रमाणपत्राची तपासणी, वेगळा पासवर्ड आणि अपडेटची किमान वर्षे लिहून ती प्रयोगशाळेत पडताळली, तर खुल्या बाजारालाही तोच दर्जा गाठावा लागेल. किंमत थोडी वाढेल, पण जळालेली मोटार भरून घेण्यापेक्षा ती कमीच असेल.

तोवर खरेदी करताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत : पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलता येतो का? यंत्र सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासते, हे कंपनी लेखी देते का? अपडेट किती वर्षे मिळतील? उत्तर बिलावर लिहून घ्यावे. ज्या कंपनीला ते लिहून देता येत नाही, तिच्या पेटीच्या हाती रात्रीची मोटार सोपवू नये.