जुनेपणाचा दाखला, गुणाचा नव्हे

हळदीने अमेरिकेस नमविले, हे वाक्य आमच्या माळव्यातील मराठी मंडळींस फार प्रिय आहे. देवासच्या टेकरीवर तुळजाभवानी व चामुंडा यांच्या दर्शनास जाताना कोणाच्या पायास ठेच लागून रक्त आले, की शेजारचा गृहस्थ चिमूटभर हळद सुचवितो आणि वर पुस्ती जोडतो, ‘आता तर अमेरिकेनेही मान्य केले आहे!’ अमेरिकेने असे काहीही मान्य केलेले नाही, हे स्पष्टपणे सांगणे आम्हांस भाग आहे.

घडले ते असे. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा संशोधकांना (दोघेही भारतीय वंशाचे, हे विशेष!) जखमेवर हळद वापरण्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. परिषदेने ३२ संदर्भ पुढे ठेविले. त्यांत संस्कृत ग्रंथ होता, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा लेखही होता. १९९७ साली पेटंट रद्द झाले. या लढ्याचा आम्हांसही अभिमान आहे. परंतु पेटंट रद्द का झाले? ही गोष्ट नवी नाही, एवढ्याच कारणास्तव. हळदीने जखम भरते की नाही, हा वाद तेथे नव्हताच. मग त्या निकालावरून हळदीचा गुण सिद्ध झाला म्हणणे म्हणजे जन्मपत्रिका दाखवून परीक्षेचे गुण मागणे होय.

गुणाविषयी म्हणाल, तर हळदीतील कुरक्युमिनाचे प्राण्यांवरील प्रयोग आशादायक आहेत. माणसाच्या किरकोळ जखमांवरील पुरावा मात्र तुटपुंजा. दगडी पाल्याचीही तीच स्थिती. शिवाय ज्यास आपण ऋषिमुनींचे औषध म्हणतो, ते रोपटे मूळचे अमेरिका खंडातील! याउलट मधाचे पाहा. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १०४ भाजलेल्या रुग्णांवर मध व प्रचलित औषध यांची तुलना केली आणि १९९१ साली ती ब्रिटिश शल्यचिकित्सा-नियतकालिकात प्रसिद्ध केली. निष्कर्ष मधाच्या बाजूने होता. पुढे परीक्षकांनी त्यात उणिवा काढल्या, त्या खुशाल काढोत. परंपरेचा अभिमान बाळगावा तर असा, तिला कसोटीस लावून.

‘शास्त्रात आहे’ म्हणणाऱ्यांस आमचा एक प्रश्न आहे. कोणत्या शास्त्रात? वैद्यकावरील ‘राजमार्तंड’ हा ग्रंथ धारच्या भोजराजाच्या नावावर आहे, म्हणून धारकरांस अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण सुश्रुताने व्रणाचे ६० उपक्रम सांगितले आहेत. शोधन, शिवणे, बांधणे हे सारे त्यांत आले. त्या साठांतून एक चिमूट उचलायची आणि नाव मात्र सुश्रुताचे घ्यायचे, यास परंपरानिष्ठा म्हणावे काय?

बरे, ही हळद तरी कोणती? पूजेच्या पुडीतली! ती खाण्यासाठी नव्हे, म्हणून तिच्या शुद्धतेची चौकशी कोणी करीत नाही. आणि हळदीस पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाच्या विषारी रंगाची भेसळ होते, हे भारतात व बांगलादेशात आढळून आलेले आहे. देवीच्या चरणी वाहिलेली हळद कपाळी लावावी, उघड्या जखमेत कोंबू नये. देवस्थानांनी पायऱ्यांपाशी स्वच्छ पाणी, साबण व पट्ट्या ठेवाव्यात, ही आमची मागणी आहे. मातीत वा गंजक्या खिळ्याने पाय चिरला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. धनुर्वातावर लस आहे. हळदीचा त्यावर काडीचाही उपयोग नाही.