असतंच तसं!

मुलांनो, परवा आमच्या चौथीच्या वर्गात एक फजिती झाली. फजिती अर्थात माझीच! सूर्यमाला शिकवत होते. फळ्यावर मधोमध सूर्य काढला, भोवती आठ कक्षा काढल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "बाई, ग्रह आठच का?" मी हात झटकत म्हटलं, "असतंच तसं."

पुढचा तास गणिताचा. सात नि पाच बारा झाले, तर तीच मुलगी पुन्हा उभी! "बाई, सात नि पाच बाराच का?" आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं, "असतंच तसं!"

सगळा वर्ग हसला. ती काही हसली नाही. रात्री भाजी निवडताना माझ्या लक्षात आलं, दोन अगदी निराळ्या प्रश्नांना मी एकच उत्तर देऊन मोकळी झाले होते.

तुम्ही असं करा. बारा चिंचोके घ्या. तीन-तीनच्या चार ओळी होतात, चार-चारच्या तीन होतात. आता सातच घ्या. दोन-दोनच्या ओळी करा, तीन-तीनच्या करा, काहीही करा. शेवटची ओळ अपुरी राहणार म्हणजे राहणारच. चिंचोके मंगळावर नेऊन मांडले तरी हेच. हे वेगळं असूच शकत नाही.

चंद्राचं मात्र तसं नाही. आपल्याला एक चंद्र आहे, मंगळाला दोन आहेत, शुक्राला एकही नाही. आपल्यालाही दोन असते, तर कोजागरी नेमकी कोणत्या चंद्राची करायची यावर घराघरांत भांडणं झाली असती. पण गणित काही कोसळलं नसतं! चंद्र एक आहे खरा, पण तो एकच असायला हवा होता असं नाही.

म्हणजे 'असतंच तसं'चे दोन डबे झाले. एक चिंचोक्यांचा, एक चंद्राचा. गंमत अशी, की कोणती गोष्ट कोणत्या डब्यात टाकायची, यात भलेभले चुकले आहेत.

योहानेस केप्लर हे नाव तुमच्या मोठ्या भावंडांनी ऐकलं असेल. तोही मास्तरच! ऑस्ट्रियातल्या ग्राट्स गावी गणित शिकवायचा. १५९५ सालच्या जुलै महिन्यात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, वर्गात आकृती काढता काढता त्याला एक कल्पना सुचली. तेव्हा ग्रह सहाच माहीत होते. सहाच का? इकडे भूमितीत एक नवल आहे. लुडोच्या फाशासारखे, ज्यांच्या सगळ्या बाजू नि सगळे कोपरे सारखे, असे ठोकळे फक्त पाच प्रकारचे होतात : चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे. सहावा होतच नाही. युक्लिडनं ते सिद्ध करून ठेवलंय. केप्लरला वाटलं, सापडलं! सहा ग्रहांमध्ये मोकळ्या जागा पाच, ठोकळेही पाच. प्रत्येक जागेत एक ठोकळा बसवला की ग्रह सहाच असणार, सात होऊच शकत नाहीत. पुढच्याच वर्षी त्यानं त्यावर पुस्तकही छापलं.

आणि १७८१ साली विल्यम हर्शेल यांना दुर्बिणीतून युरेनस दिसला. सातवा! १८४६ साली नेपच्यून, आठवा. केप्लरचे ठोकळे चिंचोक्यांच्या डब्यातलेच होते हो, पण ग्रहांची संख्या निघाली चंद्राच्या डब्यातली. सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी सूर्याभोवतीच्या धूळ-वायूतून ग्रह घडले. टकरा जरा वेगळ्या झाल्या असत्या, तर संख्याही वेगळी झाली असती. १९९५ साली तर पूर्वा भाद्रपदाच्या ताऱ्यांजवळच्या एका अंधूक ताऱ्याभोवती गुरूसारखा भला मोठा ग्रह सापडला, आणि त्याचं वर्ष साधारण सव्वाचार दिवसांचं! दर आठवड्याला दीड वाढदिवस.

बरं, ग्रहांचं कळलं. पण सगळं विश्वच कोणत्या डब्यातलं? प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड असतो. १८०० पट का नाही? हा आकडा प्रयोगशाळेत मोजलेला आहे. तो एवढाच का असायला हवा, हे कुणालाही चिंचोके मांडून दाखवावं तसं दाखवता आलेलं नाही. १९५३ साली फ्रेड हॉइल (आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू) यांनी सांगितलं, की कार्बनच्या अणुकेंद्रात ऊर्जेची एक ठरावीक पायरी असलीच पाहिजे, नाहीतर ताऱ्यांच्या पोटात इतका कार्बन तयारच झाला नसता. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केला आणि पायरी सापडली! ती बरीच सरकलेली असती, तर कार्बन फारच थोडा झाला असता. मग चिंच नाही, चिंचोके नाहीत, चौथीचा वर्ग नाही आणि बाईही नाहीत. विश्व घडवताना देवाला निवड करायला काही वाव तरी होता का, हा प्रश्न आइनस्टाइन यांनाही पडलेला होता. त्याचं उत्तर आजही कुणाजवळ नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला उभं केलं आणि वर्गासमोर कबूल केलं, की माझं कालचं उत्तर अर्धंच होतं. सात नि पाच बारा होणारच. ग्रह आठ झाले, पण आणखी कितीही होऊ शकले असते. आणि हे विश्व असंच का, ते अजून कुणालाच माहीत नाही, मलाही नाही.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाई, पण काहीच नसतं तर? म्हणजे विश्वच नसतं तर?"

मी म्हटलं, "मग हे विचारायला तूही नसतीस."

"ते खरं. पण सात नि पाच तेव्हाही बाराच झाले असते ना?"

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मी वाचले! तुम्हाला काय वाटतं, झाले असते का? आई-बाबांनाही विचारा आणि मला पोस्टकार्डावर कळवा.