उंची स्वस्त, ताबा महाग

अमेरिकेत नव्या वाहनाची सरासरी विक्री किंमत सप्टेंबर २०२५ मध्ये प्रथमच ५० हजार डॉलरच्या पुढे गेली. त्याच वर्षी तेथील रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारी आणि हलक्या मालवाहू गाड्यांचे सरासरी वय १२.८ वर्षांवर पोहोचल्याचे एस अँड पी ग्लोबल मोबिलिटी या संस्थेने नोंदविले. दोन्ही आकड्यांचा एकत्रित अर्थ सरळ आहे. नवी गाडी आवाक्याबाहेर गेली, की माणूस जुनीच जपतो आणि तिच्यातच नवेपणा शोधतो. पिकअप ट्रक हे वाहन तर अमेरिकी जीवनपद्धतीचे प्रतीकच. फोर्ड कंपनीची एफ मालिका गेली चार दशके तेथील वाहनविक्रीत अग्रस्थानी आहे. अशी जुनी पिकअप दोन-तीन इंच उंच करून घेणे हा तेथील मध्यमवर्गीय मालकाचा आवडता उद्योग. प्रश्न या हौसेचा नाही. उंची विकत घेताना गाडीवरील ताबा नकळत विकला जातो काय, हा आहे.

कमी खर्चातील 'लिफ्ट किट'मध्ये असते तरी काय? पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर यांच्या जोडणीवर बसविण्याची धातूची किंवा कठीण प्लास्टिकची जाड चकती. मागच्या बाजूला आस आणि पाटे यांच्या मध्ये ठेवण्याचा ठोकळा आणि तो आवळण्यासाठी लांब यू-बोल्ट. काही शे डॉलरमध्ये हे साहित्य मिळते आणि शनिवार-रविवारच्या सुटीत घरच्या अंगणात ते बसविताही येते. गाडी उंच दिसू लागते, मोठे टायर बसतात, मालक समाधानी होतो. अनेक स्वस्त संचांत नसतो तो शॉकअब्सॉर्बर. जुनेच शॉक चालतील, असे गृहीत धरले जाते आणि घोडचूक होते ती येथेच.

शॉक गाडीचे वजन पेलतो, हा सर्वसामान्य समज चुकीचा आहे. वजन पेलते ती स्प्रिंग किंवा पाटे. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते आणि तिला कोणी आवरले नाही, तर गाडी झोपाळ्यासारखी हिंदकळत राहते. तिला आवरण्याचे काम शॉकचे. त्याच्या नळीतील तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीतील ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. चाक रस्त्याला चिकटून राहते ते यामुळे. चाकाने रस्ता सोडला, की त्या क्षणापुरते ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही निरुपयोगी ठरतात. शॉक हा आरामाचा नव्हे, तर सुरक्षिततेचा भाग आहे, हे म्हणूनच ध्यानात घ्यावे लागते.

गाडी उंच केल्यावर नेमके बिघडते काय, हे एका साध्या हिशेबावरून कळेल. समजा, मागच्या शॉकच्या दट्ट्याला एकूण नऊ इंचांची हालचाल आहे आणि गाडी उभी असताना तो मधोमध असतो. म्हणजे वर-खाली साडेचार इंच मोकळीक. मागे तीन इंचांचा ठोकळा घातला, की आस चौकटीपासून तीन इंच खाली जाते आणि शॉक गाडी उभी असतानाच तेवढा ताणला जातो. खाली जाण्यासाठी उरतो अवघा दीड इंच. चाक खोल खड्ड्यात उतरताच शॉक आपल्या अंतिम टोकाला हिसका खातो. असे वारंवार घडले, की सील फाटते, तेल गळते, टोकाची कडी तुटते. गाडी उंच झाल्यामुळे गुरुत्वमध्य वर सरकलेला असतोच. त्यात नियंत्रणही ढिले झालेले असते.

यावर अनेकजण घाईने उलटा उपाय करतात आणि मिळेल तो सर्वांत लांब शॉक बसवितात. हेही तितकेच घातक. लांब शॉकची दबलेल्या अवस्थेतील लांबीही अधिक असते. मागे सामान भरले, गाडी गतिरोधकावर आदळली, की आघात झेलण्यासाठी असलेला रबरी गट्टू टेकण्यापूर्वीच शॉक तळाला लागतो. मग दट्ट्याचा दांडा वाकतो किंवा तो जेथे जोडलेला असतो तो आधार उखडतो. दोन इंच उंचावलेल्या गाडीला चार इंचांसाठीचा शॉक म्हणजे अधिक सुरक्षा नव्हे.

निवडीचा खरा निकष किंमत नसून मोजमाप आहे. चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना आणि रबरी गट्टूला टेकलेले असताना शॉकच्या दोन्ही टोकांमधील अंतर मोजावे. पूर्ण ताणलेला शॉक पहिल्या अंतराहून किंचित लांब आणि पूर्ण दबलेला शॉक दुसऱ्या अंतराहून किंचित आखूड असला पाहिजे. ही दोन मोजमापे जुळली, तरच पुढचा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

तो प्रश्न प्रकाराचा. दुहेरी नळीचा शॉक स्वस्त असतो. बाहेरून दगड लागून पोचा पडला तरी बहुधा काम करीत राहतो. मात्र खडबडीत रस्त्यावर सतत चालल्यास तो तापतो, तेलात फेस येतो आणि जोर ओसरतो. एकेरी नळीच्या शॉकमध्ये उच्च दाबाचा वायू आणि तेल यांच्यात तरंगता दट्ट्या असतो. त्यामुळे फेस धरत नाही आणि उष्णता बाहेरच्या हवेत लवकर जाते. परंतु त्याच्या नळीला पोचा पडला, तर आतला दट्ट्याच अडकतो. किंमतही बरीच अधिक. वाळवंटी वाटांवर तासन् तास गाडी हाकणाऱ्याने ती जरूर मोजावी. कामावर जाणे, बाजारहाट आणि वर्षातून दोनदा जंगलातील मुक्काम एवढ्यापुरती गाडी वापरणाऱ्याला अचूक लांबीचा, चांगल्या प्रतीचा दुहेरी नळीचा शॉक पुरेसा आहे. चुकीच्या लांबीच्या महागड्या शॉकपेक्षा तो शतपटीने बरा.

कडक शॉक म्हणजे मजबूत शॉक, हाही असाच एक गैरसमज. पिकअपचे मागचे पाटे मालाच्या वजनासाठी आखलेले असतात. हौदा रिकामा असताना त्यावर फार कडक शॉक लादला, तर मागची चाके रस्त्यावरून टुणटुण उडतात. मोठे, जड टायर लावले असतील तर उसळी आवरण्याचे सामर्थ्य वाढविणे योग्यच. पण ते गाडीच्या वजनाच्या प्रमाणात. शिवाय चाकांचे अलाइनमेंट आणि खाली झुकवून पुन्हा जुळविलेले दिवे, हा खर्च ऐच्छिक नव्हे. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा प्रकाश हे उंच गाड्यांविषयीच्या तक्रारींचे नेहमीचे कारण.

कायदा या साऱ्याकडे कसा पाहतो? अमेरिकेत गाडी किती उंच करावी याबाबत संघीय मर्यादा नाही. बंपरविषयक संघीय मानक प्रवासी मोटारींना लागू आहे, पिकअपना नाही. राज्ये आपापले नियम करतात. पुढची बाजू उंच आणि मागची खाली ठेवण्याच्या 'कॅरोलिना स्क्वॉट' या फॅशनवर नॉर्थ कॅरोलिनाने १ डिसेंबर २०२१ पासून बंदी आणली. व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलिनाने २०२३ मध्ये तोच मार्ग धरला. चार इंचांचा फरक ही तिन्ही राज्यांतील मोजपट्टी. उंचीचा धाक निराधार नाही. अमेरिकी विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीने धडक दिल्यास पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या मोटारीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते.

तरीही एक फट उरतेच. या बंद्या इंच मोजतात, शॉकची अवस्था नव्हे. दोन इंच उंचावलेली, परंतु शॉक निकामी झालेली पिकअप त्यांच्यातून सहज सुटते. मूळ सुरक्षा व्यवस्था निकामी करण्यास उत्पादक, विक्रेते आणि दुरुस्ती व्यावसायिक यांना संघीय कायद्याने मनाई आहे. ती स्वतःच्या अंगणात पाने-पकड घेऊन बसलेल्या मालकाला लागू होत नाही. आणि स्वस्त किटचा गिऱ्हाईक नेमका तोच असतो.

भारताने दुसरे टोक गाठले आहे. मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ संदर्भात दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. तरीही उंचावलेल्या जीप आणि पिकअप पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दिसतात. सरसकट बंदीमुळे काम चोरीछुपे होते आणि चोरीछुप्या कामात मोजमाप कोण घेणार? दुसरीकडे, झिजलेला शॉक बदलून त्याच मापाचा नवा बसविण्यास कोणताही कायदा आडवा येत नाही. आणि तेवढे साधे कामही कित्येक मालक वर्षानुवर्षे टाळतात.

अमेरिकी बाजारपेठेचा धडा दोन्ही देशांना लागू पडतो. खोक्यावर इंच छापलेले असतात, कारण इंच डोळ्यांना दिसतात. शॉकचे काम दिसत नाही. ते ओल्या वळणावर, अचानक दाबलेल्या ब्रेकच्या क्षणी कळते. म्हणून खिसा लहान असेल, तर उंची कमी करावी, शॉक नव्हे. चार इंच उंच आणि जुन्या शॉकवर डुलणाऱ्या गाडीपेक्षा दोन इंच उंच आणि चारही चाकांवर योग्य मापाचे शॉक असलेली गाडी कधीही श्रेयस्कर. तीही परवडत नसेल, तर आहे त्या उंचीवर नवे शॉक बसविणे हाच शहाणपणाचा सौदा. गाडीवरील ताबा सुटल्याने अपघात झाला, एवढेच दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छापून येते. तो ताबा कोणत्या खरेदीत, किती डॉलर वाचविण्यासाठी सुटला, हे मात्र बातमीत कधीच नसते.