आमच्या घरात कोणी मोठे होत नाही काय?

शाळेत 'माझे घर' या विषयावर निबंध लिहायला सांगितला, की आमच्यातल्या पुष्कळांनी एक लबाडी केली. घरात जिला अम्मी म्हणायचो तिला वहीत आई केले. खालाची मावशी झाली, दादीची आजी झाली. पहाटे मक्तबात सबक घेऊन शाळा गाठायची रोजची धावपळ वहीत आलीच नाही. गुरुजींनी चांगले गुण दिले. शुद्धलेखन बिनचूक होते; फक्त घर आमचे नव्हते. तोच निबंध आम्ही अजून लिहीत आहोत.

मराठी कादंबरीने आम्हाला कितीतरी घरांत नेले. 'श्यामची आई' (१९३५) वाचताना कोकणातल्या एका गरीब ब्राह्मण घरातल्या माउलीसाठी आम्ही रडलो. 'कोसला'मधला (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला जातो, त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तेव्हा आमच्याही छातीत कळ आली. 'शाळा'मधला (२००४) नववीतला मुकुंद जोशी आणीबाणीच्या दिवसांत शिरोडकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतो, तो आम्हाला आमच्याच बाकावरचा वाटला. चांगल्या कादंबरीचे बळ हेच. पण उलटा प्रवास किती झाला? आमच्या मोहल्ल्यातल्या मुलाच्या पहिल्या प्रेमासाठी सांगवीतला किंवा सदाशिव पेठेतला वाचक कधी कासावीस झाला?

प्रस्थापित कादंबरीतला मुसलमान आम्हाला चांगला ठाऊक आहे. तो ईदेला शेजाऱ्यांकडे शीरखुर्मा पाठवतो आणि त्याचे काम संपते. नाहीतर तो दंगलीत मारतो, मरतो किंवा कोणाला तरी वाचवतो. त्याची बायको तलाकच्या भीतीने जगते. या गोष्टी खोट्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. ६ डिसेंबर १९९२ नंतरची मुंबई आम्ही विसरलेलो नाही. पण दोन मित्रांची मैत्री कादंबरीत येते ती दंगलीत तिची परीक्षा घेण्यापुरतीच. दंगल नसलेल्या वर्षांत त्या दोघांनी काय केले? एका सायकलवर डबलसीट किती फिरले, कोणत्या मुलीवरून अबोला धरला, दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री कोणाच्या गच्चीवर जागले? हे कोणी लिहीत नाही. ज्या माणसाला बालपण दिलेले नाही, त्याच्या मरणाने वाचकाला काय होणार?

हे बाहेरच्यांना सुनावणे सोपे आहे. आमचे भांडण आधी आमच्याशी आहे. सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आम्ही अस्मितेवर बोललो, परिसंवाद घेतले, कविता आणि लेख लिहिले. ते गरजेचे होतेच. पण घरातल्या माणसांची सलग, मोठी गोष्ट सांगणाऱ्या कादंबऱ्या आमच्याकडून थोड्याच आल्या. आम्हीही स्वतःला प्रश्न म्हणूनच मांडत राहिलो. सभेत उभे राहायची सवय इतकी लागली, की ओसरीवर बसून बोलणे विसरलो.

आमच्यातले लिहिणारे दोन सबबी सांगतात. पहिली भाषेची. मराठवाड्यात, सोलापुरात घरी दखनी, बाहेर मराठी. मग कादंबरीतल्या अम्मीने कोणत्या भाषेत रागवायचे? आम्ही म्हणतो, ज्या भाषेत रागावते त्याच. राही मासूम रझांनी 'आधा गाव' (१९६६) हिंदीत लिहिली आणि गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीतली आपली माणसे भोजपुरी-उर्दूतच बोलू दिली. तिचे 'नक्को' आणि 'हौ' छापल्याने मराठी बाटत नाही. कोकणातल्या आमच्या बांधवांना तर तीही सबब नाही. त्यांची घरची बोलीच कोकणी मराठी आहे.

दुसरी सबब बदनामीची. घरातले चव्हाट्यावर आणले तर कौमची बदनामी होईल, म्हणतात. केरळात वैकोम मुहम्मद बशीर यांनी 'बाल्यकालसखी' (१९४४) लिहिली. शेजारी वाढलेले मजीद आणि सुहरा, लहानपणची भांडणे, मग गरिबी आणि ताटातूट. 'पातुम्माची शेळी' (१९५९) मध्ये तर त्यांनी आपलेच नातेवाइकांनी गजबजलेले घर लिहिले. त्यातली शेळी लेखकाचीच पुस्तके खाऊन टाकते. बदनामी कोणाची झाली? मल्याळी माणसाने ते घर आपले मानले. तमिळमध्ये सलमा यांची वयात येताच शाळा सुटली. त्यांनीच पुढे 'इरंडाम जामंगळिन कदै' (२००४) ही मुस्लिम मुलीबाळींची, बायकांची कादंबरी लिहिली. घर झाकून ठेवल्याने अब्रू वाचत नाही. आपण लिहिले नाही, की दुसरा कोणी आपल्याविषयी लिहितो, आणि तो खिडकीतून दिसले तेवढेच लिहितो.

आमच्या घरातही वाट दाखवणारा होता. हमीद दलवाईंच्या समाजकारणाशी आपल्यातल्या अनेकांचे पटले नाही, आजही पटत नाही. पण 'इंधन' (१९६५) मध्ये कोकणातले मुस्लिम घर आणि गाव त्यांनी आतून लिहिले. समाजकारणाच्या रागापायी आम्ही ती कादंबरीही दूर ठेवली, हे आमचे नुकसान झाले.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. मालेगाव-भिवंडीत अब्बांचे यंत्रमाग बंद पडल्यावर कॉलेज सोडलेल्या थोरल्याची गोष्ट लिहा. बहिणीला पाहायला पाहुणे आले आणि ती बारावीचे पुस्तक उशीखाली लपवून बाहेर आली, ते लिहा. चाळीस वर्षे संसार करून एकमेकांना नावाने हाक न मारलेल्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचे प्रेम लिहा. आमच्यासारख्या अंकांनीही अस्मितेवरचा एक लेख कमी छापावा आणि कादंबरीच्या एका प्रकरणाला जागा द्यावी.

आज कुठल्यातरी वाचनालयात हिजाब घातलेली एखादी मुलगी 'शाळा' वाचत बसली असेल. ती मुकुंदवर जीव टाकील, टाकायलाच हवा. पण पुस्तक मिटल्यावर तिला स्वतःच्या घराविषयी लिहावेसे वाटले, तर अम्मीला आई करायची पाळी तिच्यावर तरी येऊ नये.