चंद्राचा उजेड आणि हिशेबाची परीक्षा

कोजागरीचा चंद्र अष्टमीच्या अर्ध्या चंद्राच्या दुप्पट नव्हे, सुमारे दहापट तेजस्वी असतो. प्रकाशित भाग दुप्पटच होतो. उरलेली वाढ चंद्रावरील धुळीच्या स्वभावातून येते. पौर्णिमेला सूर्य जवळजवळ आपल्या पाठीशी असतो, त्यामुळे प्रत्येक कणाची सावली त्याच कणामागे दडते. प्रकाशलहरींनी एकमेकींना दिलेली साथ, हे दुसरे कारण.

एकाच मातीचा उजळपणा असा सूर्य कोठे आणि पाहणारा कोठे यावर ठरतो. कक्षेतील यानाच्या प्रतिमांवरून खनिजे ओळखायची, तर हा कोनांचा परिणाम आधी वजा करावा लागतो. त्यासाठी अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस हॅपके यांनी १९८१ मध्ये मांडलेले गणिती प्रारूप आजही सर्रास वापरले जाते. मात्र कणांचा आकार, पोकळपणा, खडबडीतपणा हे त्यातील आकड्यांवरून खरोखर कळते काय? शेपर्ड आणि हेल्फेन्स्टाइन यांनी प्रयोगशाळेतील नमुन्यांवर ते पडताळले. २००७ मधला त्यांचा निष्कर्ष प्रतिकूल होता: त्या आकड्यांचे पृष्ठभागाच्या भौतिक गुणांशी एकास एक नाते जोडता येईल, असा ठोस पुरावा मिळाला नाही. आलेख जुळतो, म्हणून अर्थही जुळतो असे नाही.

हा वाद आपल्यापासून दूरचा नाही. ‘चांद्रयान-१’वरील ‘नासा’च्या उपकरणाने २००९ मध्ये चंद्रावर पाण्याच्या खुणा दाखवल्या, त्या ३ मायक्रोमीटरच्या आसपासच्या प्रकाशात. तेथे परावर्तित प्रकाशात तापलेल्या जमिनीचे स्वतःचे उत्सर्जनही मिसळते. ते किती वजा करायचे, यावर अभ्यासकांत मतभेद झाले. त्यात पृष्ठभागाचा खडबडीतपणा पुन्हा कळीचा ठरला. चंद्रावरील पाण्याची खूण दिवसाच्या वेळेनुसार घटते-वाढते की नाही, हे उत्तर या वजाबाकीवर अवलंबून आहे.

चंद्रावरची माती आणण्यासाठी ‘चांद्रयान-४’ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. चर्चा झाली ती रॉकेटची आणि खर्चाची. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या मातीचा मोठा उपयोग प्रारूपांच्या परीक्षेसाठीच आहे: कक्षेतून जिचा अंदाज बांधला, तीच माती हातात घेऊन, वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकून पाहणे. मात्र कुपीत भरताना मातीची मूळ सैल रचना मोडते. म्हणून उचलण्यापूर्वी ती जागा जवळून, बदलत्या सूर्यकोनांत टिपण्याची सोय यानावरच हवी.