खाती जोडा, पण मालकी आपल्या हातात ठेवा

मे महिना सरत आला की भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, पुरुषवाडी या भागातली सादड्या-हिरड्याची झाडं काजव्यांनी लखलखू लागतात आणि मुंबई, पुणे, नाशिकहून गाड्यांची रीघ लागते. पूर्वी पाहुणा ओळखीपाळखीने यायचा. आता तो गूगल मॅपवर तुमचं नाव शोधतो, रिव्ह्यू वाचतो, इन्स्टाग्रामवर यंदाचे व्हिडिओ बघतो आणि मग व्हॉट्सॲपवर विचारतो, ‘दोघांचे किती होतील?’

म्हणून अकोले तालुक्यातल्या तंबूवाल्या, होमस्टेवाल्या, खाणावळवाल्या ताई-दादांना कळकळीचं सांगणं आहे. आपलं गूगल बिझनेस प्रोफाइल, फेसबुक पेज, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब एकमेकांना जरूर जोडा. चारही ठिकाणी नाव एकच ठेवा, नंबर एकच ठेवा, म्हणजे पाहुण्याला खात्री पटते. तुमच्या नावाने खोटं पेज काढून कुणी आगाऊ पैसे मागू लागला, तर खरं कोणतं हेही पाहुण्याला ताडून बघता येतं. पण जोडण्याआधी तीन गोष्टी नीट बघून घ्या.

पहिली गोष्ट मालकीची. गावातला एखादा हुशार पोरगा घाईघाईत स्वतःच्याच जीमेलवरून तुमचं प्रोफाइल काढून देतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं. पण उद्या तो नोकरीला चाकणला गेला, त्याचा मोबाइल हरवला किंवा तुमचं-त्याचं बिनसलं, तर तुमच्या धंद्याचा नंबर बदलायलाही त्याचेच पाय धरावे लागतात. जमिनीच्या सातबाऱ्यावर जसं आपलंच नाव हवं, तसं इथेही हवं. गूगलवर ‘ओनर’ आणि ‘मॅनेजर’ असे वेगवेगळे अधिकार असतात. तुम्ही मुख्य ओनर व्हा, त्याला मॅनेजर करा. तो रिव्ह्यूंना उत्तरं देईल, फोटो टाकेल, पण प्रोफाइल दुसऱ्याच्या नावावर करू शकणार नाही. नव्याने ओनर झालेल्याला पूर्ण अधिकार मिळायला सात दिवस लागतात, म्हणून हे काम हंगामाच्या तोंडावर ढकलू नका.

दुसरी गोष्ट परवानगीची. एखादं ॲप ‘फेसबुकने लॉगिन करा’ म्हणतं, तेव्हा मध्ये एक पान येतं. त्यावर लिहिलेलं असतं की हे ॲप तुमचं नाव, ईमेल, फोटो बघेल. कधी तुमच्या पेजवर तुमच्या वतीने पोस्टही टाकेल. बहुतेक जण ते न वाचताच खालचं निळं बटण दाबतात. त्या एका बटणाने काय होतं, हे केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणाने २०१८ मध्ये जगाला दाखवलं. स्वभावचाचणीचं एक साधं ॲप भारतात अवघ्या ३३५ जणांनी घेतलं होतं. तरी मित्रयादीच्या वाटेने ५ लाख ६२ हजारांहून अधिक भारतीयांची माहिती बाहेर गेली असावी, असं खुद्द फेसबुकने सांगितलं. तेव्हाची ती वाट आता बंद आहे, पण बटण दाबणारे आपण तेच आहोत. फुकट फॉलोअर वाढवून देणाऱ्या, बक्षिसाचं चक्र फिरवायला लावणाऱ्या ॲपला आपलं खातं कधीही जोडू नका.

तिसरी गोष्ट घर आणि धंदा वेगळा ठेवण्याची. इन्स्टाग्राम आणि फेसबुक जोडून आपोआप शेअर चालू केलं की एकीकडची पोस्ट दुसरीकडे जाते. लेकीच्या शाळेचा गणवेशातला फोटो, ‘सगळे लग्नाला निघालो, घराला कुलूप’ ही स्टोरी धंद्याच्या पेजवर अनोळखी माणसं बघणार. म्हणून धंद्याचं खातं वेगळं काढा आणि प्रोफाइलला तेवढंच जोडा.

एकदा जोडलं म्हणजे कायमचं झालं, असंही नाही. बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या फुकट वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. कुणाच्या बोर्डावर, व्हिजिटिंग कार्डावर अजून तीच लिंक असेल, तर ती बदला. गूगल मॅपवर नंबर किंवा वेळ बदलण्याची सूचना कुणालाही पाठवता येते, तेव्हा आपलाच नंबर तिथे आहे ना, हे अधूनमधून बघत जा.

यंदाचे पाहुणे येण्याआधी एक दुपार काढा. घरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला किंवा सुनेला शेजारी बसवा. गूगल आणि फेसबुकच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या ॲपची यादी उघडा आणि ओळखीचं नसेल ते काढून टाका. पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, ओटीपी कुणालाही सांगू नका. तुमच्या नावावर कुणी पैसे उकळत असेल, तर लाजू नका, उशीर करू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. पावसाच्या तोंडावरच्या या थोड्या दिवसांच्या कमाईवर अनेक घरांची भिस्त असते. ती सांभाळायला एक दुपार नक्कीच द्या.